आवडत्या नेत्याचे अपशब्द आपण का पोटात घालतो?

नेता सभेत एखाद्या समाजाबद्दल हीन शब्द बोलतो आणि तासाभरात समर्थकांचे खुलासे येतात: क्लिप अर्धवट आहे, संदर्भ वेगळा होता, बोलण्याच्या ओघात निघून गेलं. हेच शब्द विरोधी नेत्याच्या तोंडून आले असते तर संदर्भ कुणी विचारला नसता. अशा समर्थकांना ‘अंधभक्त’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. त्यांचा विचार बंद पडलेला नसतो, उलट जोरात चालू असतो.

मानसशास्त्रज्ञ झिवा कुंडा यांनी १९९० साली ही प्रक्रिया सविस्तर मांडली. हवा तो निष्कर्ष माणूस नुसता मानून टाकत नाही. त्रयस्थालाही पटेल असं समर्थन आपल्याकडे आहे, असं त्याला वाटावं लागतं. म्हणून स्मरणशक्ती कामाला लागते आणि निवडक आठवते: नेत्याने केलेली मदत, विरोधकांचे जुने अपशब्द, माध्यमांनी पूर्वी केलेली मोडतोड. आठवलेली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. निवड मात्र एकतर्फी असते, आणि ती करणाऱ्यालाच जाणवत नाही. थॉमस गिलोविच यांनी यातली गोम नेमकी पकडली. नकोशा गोष्टीपुढे आपण विचारतो, ‘हे मानायलाच हवं का?’ हव्याशा गोष्टीपुढे विचारतो, ‘हे मानता येईल का?’ पहिल्या प्रश्नातून सुटायला एक शंका पुरते, दुसऱ्याला एक पुरावा. चार्ल्स टेबर आणि मिल्टन लॉज यांच्या २००६ च्या प्रयोगांत राजकारणाची जाण जास्त असलेल्यांमध्ये हा कल अधिक दिसला. शंका काढायला त्यांच्याकडे माहितीच जास्त!

त्याच वर्षी ड्रू वेस्टन यांच्या गटाने कट्टर अमेरिकी पक्षसमर्थकांचा एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे चित्रांत दाखवणारी तपासणी) अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या उमेदवाराची विसंगती वाचताना मेंदूचे भावनांशी निगडित भाग सक्रिय दिसले. अशा रंगीत चित्रांवरून ‘मेंदूत भक्तीचं केंद्र सापडलं’ असं कुणी सांगितलं तर मुळीच विश्वास ठेवू नका. अभ्यास ३० पुरुषांचा होता, आणि भावना जागी होणं म्हणजे तर्क झोपणं नव्हे.

पूर्ण व्हिडिओ समोर आला, नेता तेच पुन्हा बोलला, की खुलासे संपतात. मग वाट बदलते: ‘बोलतात वाईट, मान्य, पण काम करतात.’ अमित भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की नीती आणि कर्तृत्व असं वेगळं काढणं, चुकीला बरोबर ठरवण्यापेक्षा लोकांना सोपं जातं. स्वतःच्या मूल्यांना मुरड घालावी लागत नाही. अशा समर्थकाला तोच व्हिडिओ पुन्हा दाखवून काही साधत नाही, कारण शब्द वाईट होते हे त्याने आधीच मान्य केलेलं असतं. वाद घालायचा तो पुढच्या मुद्द्यावर: ज्याचे शब्द ऐकून माणसं वागतात, त्याचं बोलणं त्याच्या कामातून वगळायचं कसं?