अर्धवट कमांड आणि एडिटरची दोन घड्याळे

अंधेरी-पवईच्या ऑफिसांत दिवसभर कोड लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण माउसला हात न लावता ईमॅक्स किंवा विम या एडिटरांत, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रामांत, काम करतात. तेथे एका कामासाठी अनेकदा दोन-तीन कळा पाठोपाठ दाबाव्या लागतात. पहिली कळ दाबून झाली आहे आणि पुढची दाबायची आहे, अशा मधल्या अवस्थेत पडद्यावर काय दिसावे आणि किती वेळाने दिसावे, हे वापरणाऱ्याला ठरवता येते.

ईमॅक्समध्ये फाइल उघडण्यासाठी कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-एफ दाबतात. दोन्ही झटपट दाबल्या तर अर्धवट काहीच उमटत नाही. पण कंट्रोल-एक्सनंतर बोट थबकले, तर सेकंदाभराने तळाच्या ओळीत ‘सी-एक्स-’ असे दिसते आणि शेवटची आडवी रेघ कमांड अपुरी असल्याचे सांगते. एकदा दाखवणे सुरू झाले की त्या कमांडच्या उरलेल्या कळा लगेच उमटतात. कमांड पाठ असलेल्याच्या मध्ये येऊ नये, पण अडखळणाऱ्याला आधार मिळावा, ही त्यामागची योजना मला फार समंजस वाटते. हा अवधी ‘एको-कीस्ट्रोक्स’ या सेटिंगमध्ये सेकंदांत लिहितात. तेथे 0.1 लिहिल्यास अक्षरे जवळजवळ तत्काळ दिसतात. 0 लिहिल्यास मात्र, अपेक्षेच्या उलट, ती दिसायचीच बंद होतात. 2025 मध्ये आलेल्या ईमॅक्स 30 सोबत ‘व्हिच-की’ ही सोयही मिळते. ती सुरू केली, तर थबकल्यावर पुढे कोणकोणत्या कळा चालतील याची यादीच समोर येते.

ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विममध्ये हेच काम ‘शोसीएमडी’ करते, आणि तेही न थांबता. 2, डी (खोडा), 3, डब्ल्यू (शब्द) अशा कळा दाबल्या की सहा शब्द खोडले जातात, कारण दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो. डब्ल्यू दाबण्यापूर्वी खाली उजव्या कोपऱ्यात ‘2डी3’ इतके दिसते आणि चुकलेला आकडा तेथेच लक्षात येतो.

खरा घोटाळा होतो तो दाखवण्याचा अवधी आणि वाट पाहण्याचा अवधी एकच समजल्यामुळे. विममध्ये ‘टाइमआउटलेन’ ही वेगळी सेटिंग असून तिचे मूळ मूल्य 1000 मिलिसेकंद आहे. आपण स्वतः एखाद्या कमांडला जोडलेल्या कळांच्या मालिकेतील पुढच्या कळेसाठी विम किती वेळ थांबणार, एवढेच ती ठरवते. पडदा चपळ व्हावा म्हणून कोणी ती 100 वर आणली, तर दाखवण्यात काही फरक पडत नाही. उलट दुसरी कळ दाबेपर्यंत मुदत संपते आणि जोडलेली कमांड चालतच नाही. नुसत्या डीनंतर मात्र विम कितीही वेळ थांबतो. ईमॅक्सही कंट्रोल-एक्सनंतर असाच थांबून राहतो, मग खाली काही दिसो वा न दिसो.

टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांनी चालणाऱ्या कमांडच्या खिडकीत, आणखी एक बारीक अडचण येते. तेथे वरच्या बाणाची एकच कळ बहुधा एस्केप, ओ आणि ए अशा तीन खुणा होऊन विमपर्यंत पोहोचते. त्यामुळे एस्केप आला की ती सुटी कळ आहे की बाणाची सुरुवात, हे कळण्यासाठी विमला क्षणभर थांबावेच लागते. हा क्षण ‘टीटाइमआउटलेन’ ठरवते. विमपासूनच निघालेल्या निओविम या एडिटरमध्ये तो मुळात 50 मिलिसेकंदांचा असतो. लोकलमध्ये बसून मोबाइलच्या नेटवर दूरच्या सर्व्हरवर काम करताना या खुणा तुटक पोहोचल्या, तर मजकूर टंकण्याच्या अवस्थेतून विम बाहेर पडतो, वर एक नवी ओळ उघडतो आणि तीत ‘ए’ हे अक्षर टाकतो. अशा वेळी हा अवधी थोडा वाढवणे हाच साधा उपाय आहे. त्याने एस्केप किंचित उशिरा लागू होतो, पण बाण बाणासारखे वागतात.