मुळाआधी उगवलेला दात

सात वर्षांच्या मुलाची किडलेली दुधाची दाढ गळू झाल्यामुळे काढावी लागते आणि दोन-तीन महिन्यांत त्याच जागी नवा दात डोकावतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, जागा लगेच भरली. पण ही उपदाढ असते, म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणारी पक्की लहान दाढ, आणि तिची वेळ १० ते १२ वर्षांची. बोट लावलं तर ती डुगडुगते. दुधाचाच दात समजून ती उपटून टाकली, तर त्या जागी पुन्हा काहीही येत नाही.

दाताचा माथा, म्हणजे पुढे तोंडात दिसणारा भाग, आधी हाडाच्या आत पुरा घडतो, मग मूळ वाढू लागतं. मुळाचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग तयार झाला की दात हिरडीबाहेर येतो. उरलेलं मूळ आणि त्याचं टोक बंद व्हायला आणखी सुमारे ३ वर्षं लागतात. दोन उपदाढांपैकी मागच्या, दुसऱ्या उपदाढेचा माथाच मुळी ६ ते ७ व्या वर्षी पुरा होतो. म्हणजे सातव्या वर्षी ती तोंडात दिसली, तर मूळ जेमतेम सुरू झालेलं असतं. म्हणून 'लवकर' हे वाढदिवसावरून ठरवण्यापेक्षा एक्स-रेमधल्या मुळावरून ठरवावं. मूळ निम्म्याहून कमी असेल, तर दात खरोखरच वेळेआधी आला आहे.

हे घडतं कसं? दुधाच्या दाढेची मुळं चिमट्यासारखी फाकलेली असतात आणि उपदाढेची कळी, म्हणजे हाडात घडत असलेला दात, नेमकी त्या फटीत बसलेली असते. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की पू याच फटीत उतरतो आणि कळीवरचं हाड खातो. छप्परच गेल्यावर कळीला वर यायला अडवणारं काही उरत नाही. हाच पू लवकरच्या वयात, माथ्याचं आवरण घडत असताना पोचला, तर उपदाढ पिवळसर-तपकिरी डाग किंवा खड्डे घेऊन येते. तिला टर्नरचा दात म्हणतात. 'दुधाचाच दात आहे, पडणारच' असं म्हणत कीड अंगावर काढण्याची किंमत ही अशी खालच्या दाताला मोजावी लागते.

उलटही होतं. पाचव्या वर्षी दाढ काढली आणि कळीवर हाड शाबूत असलं, तर खाच हाडानं भरून येते आणि उपदाढ उलट उशिरा येते. १ मिलिमीटर हाड पार करायला उपदाढेला साधारण ४ ते ५ महिने लागतात. हा ढोबळ हिशेब एक्स-रेवर मांडूनच जागा राखणारी तारेची कडी बसवायची की नाही हे ठरतं. न बसवता वाट पाहिली, तर मागची दाढ पुढे सरकून जागा बळकावते.

मुळाआधी आलेला दात सहसा वाचतो, कारण मूळ घडवणाऱ्या पेशी शाबूत असल्या तर काम चालूच ठेवतात. तोवर त्या बाजूनं चिक्की, ऊस, मक्याचं कणीस नको. दात फारच हलत असेल, तर दंतवैद्य त्याला आधार देतात. नव्या दाताचं आवरण पुरतं पक्कं झालेलं नसतं, म्हणून फ्लोराइडचा लेप लावतात, आणि मूळ वाढतंय का हे ठरावीक अंतरानं एक्स-रे काढून पाहतात.

बऱ्याचदा पालक ज्याला 'लवकर' म्हणतात ते लवकर नसतंच. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, काही मुलांना पाच-साडेपाचव्या वर्षीही. मुलींना मुलांपेक्षा काही महिने आधी. तिला जागा द्यायला कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती दुधाची समजली जाते आणि किडू दिली जाते. ओळख सोपी आहे: समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा निघाला तर तो पक्का. वर यायला तिला वर्षभर लागू शकतं. तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा खाली राहते आणि ब्रश वरून निघून जातो. म्हणून ब्रश गालाकडून आडवा आत घालावा.

एकच दात आधी आला तर कारण बहुधा शेजारीच सापडतं. दोन्ही बाजूंचे सगळेच दात वर्षभर पुढे असतील, तर अनेकदा घराण्याची चाल असते. लठ्ठ मुलांतही हे दिसतं. मात्र मुलीला ८ वर्षांच्या किंवा मुलाला ९ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हं दिसत असतील, किंवा उंची झपाट्यानं वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी दात पुढे धावतात. तरीही हार्मोनचा परिणाम हाडांवर होतो तितका दातांवर होत नाही, म्हणून अशा मुलांच्या मनगटाचा एक्स-रे, ज्यात हाडांची वाढ दिसते, दातांपेक्षा जास्त बोलतो. आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूचे दात आधी येत असतील, तर त्या बाजूचा गाल, ओठ किंवा जीभ मोठी आहे का, त्वचेवर जन्मापासून लालसर डाग आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून दाखवावं.