गळवाचा पू काढल्यावर प्रतिजैविक : एका वादाची पार्श्वभूमी

पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस, म्हणजे त्वचेवर गळू उठवणारे जंतू, १९४० च्या दशकातच रुग्णालयांत दिसू लागले होते. १९५९ मध्ये त्यावर मेथिसिलिन हे प्रतिजैविक आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूची, म्हणजे एमआरएसएची, नोंद झाली. तरी पुढे कित्येक वर्षे हे रुग्णालयातलेच दुखणे मानले गेले. १९९९ मध्ये अमेरिकेत रुग्णालयाशी संबंध न आलेली चार मुले यानेच दगावल्याचे जाहीर झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या ११ शहरांच्या पाहणीत तातडीच्या विभागात आलेल्या त्वचासंसर्गांपैकी ५९ टक्क्यांमागे एमआरएसए होता.

खरा वाद पेटला तो गळवावरून. चीर देऊन पू काढला की साध्या गळवाला गोळ्या नकोत, हा जुना नियम २०१४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही कायम राहिला. त्याला आधार मात्र लहान चाचण्यांचा होता. त्यांतल्या एकीत तर एमआरएसएवर न चालणारे सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक वापरले होते. मग २०१६ मध्ये बाराशेहून अधिक रुग्णांची चाचणी आली. पू काढून कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक दिलेल्यांत ८०.५ टक्के बरे झाले, पू काढून नुसती औषध नसलेली दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ७३.६. पुढच्या वर्षी लहान गळवांच्या चाचणीत क्लिंडामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकानेही फायदा दाखवला, पण दुष्परिणाम जवळपास दुप्पट. २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रतिजैविक सुचवले, तेही ‘दुबळी शिफारस’ म्हणून आणि निर्णय रुग्णाशी बोलून घ्यावा असे सांगत.

या आकड्यांचा दुसरा अर्थ फार कमी वेळा सांगितला जातो. शंभरांतले त्र्याहत्तर जण केवळ नीट पू काढल्याने बरे झाले आणि एका जादा रुग्णाच्या गुणासाठी सुमारे चौदा जणांना औषध द्यावे लागले. प्रतिकाराचा वरचा इतिहास पाहता ही किंमत छोटी नाही. चिठ्ठी लिहिण्याआधी चीर पुरेशी दिली का, आत पू उरला का, हे पाहायलाच हवे.

पू नसलेल्या सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरांत पसरणाऱ्या जंतुसंसर्गात, गणित उलटे आहे. तिथे प्रतिजैविक लागतेच, पण २०१३ च्या चाचणीत सेफॅलेक्सिनला एमआरएसएवरच्या औषधाची जोड देऊन काही साधले नाही. अडचण निदानाची आहे. खात्रीची तपासणी नाही, रक्तात जंतू क्वचितच सापडतो, आणि लाल झालेला प्रत्येक पाय संसर्गाचा नसतो. दोन्ही पाय एकदम लाल असतील तर बहुधा तो शिरांत रक्त तुंबल्याने आलेला दाह असतो. त्याला पाय उंच ठेवणे आणि दाबपट्टी लागते, प्रतिजैविक नाही.