पापं पदरी घेणं: एका शब्दामागचा इतिहास

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या आधी, बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातला पहिला अध्याय आपण कितीदा तरी ऐकलेला असतो. आपल्या ठायी पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो, आणि पापं ‘पदरी घेतली’ तर क्षमा मिळते. कोल्हापूरच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुलांना आता हे ‘पदरी घेणं’ अडतं. ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ ही म्हण त्यांच्या कानावर असते, म्हणून वाट्याला आलेलं निमूट सोसावं असा अर्थ ते लावतात.

मूळ ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेओ’, म्हणजे तेच म्हणणं. देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पापच म्हणायचं, चूक किंवा नाइलाज म्हणायचं नाही. सोप्या भाषांतरांत इथे ‘कबूल करणे’ आलं. ते चटकन कळतं, पण त्याला चौकीतल्या कबुलीजबाबाचा वास आहे. कबुली बहुधा पकडलं गेल्यावर दिली जाते. पदरी घेणाऱ्याला कुणी पकडलेलं नसतं. हे माझं आहे, असं तो आपणहून म्हणतो. आत्मवंचना करणाऱ्यालाही पाप दिसत असतं, फक्त ते दुसऱ्याच्या पदरात दिसतं: घरच्यांच्या, परिस्थितीच्या, नाहीतर सैतानाच्या. म्हणून मला जुना शब्दच खरा वाटतो.

हे सत्य कुणापुढे बोलायचं, यावर मात्र शतकानुशतकं वाद झाला. 1215 च्या धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी याजकापुढे, म्हणजे धर्मगुरूपुढे, पापांगीकार सक्तीचा केला. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी ती सक्ती काढली. कोल्हापुरात 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी आले, 1870 मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं आणि त्यांच्यासोबत वडीलमंडळाची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांची, शिस्तही इथे रुजली. उघड पाप करणाऱ्याला पश्चात्ताप दिसेपर्यंत प्रभूच्या मेजापासून, म्हणजे प्रभुभोजनापासून, दूर ठेवायचं, अशी ती शिस्त.

1905 मध्ये केडगावच्या विधवा आणि अनाथ मुलींच्या आश्रमात संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, आलं. मुली रडत, मोठ्याने पापं सांगत प्रार्थना करू लागल्या. त्यांचं सांगणं खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण अशा सांगण्याला पुढे साचा मिळतो. आज मंडळीपुढे आपल्या बदललेल्या जीवनाची साक्ष देताना दारू, राग, खोटं बोलणं यांचा उल्लेख होतो आणि ‘आता मी बदललो’ इथे साक्ष संपते. बदललेल्या माणसाची आजची खोट त्यात येत नाही. व्यक्तीचं पाप बोलायला आपण शिकलो. सगळ्यांनी मिळून केलेलं पाप बोलायला शिकलो नाही.

त्यातलं सगळ्यात मोठं पाप जात. ‘ख्रिस्तात जात नाही’ हे अभिवचन आहे, आणि ते आपण वस्तुस्थिती असल्यासारखं वापरतो. सोयरीक जमवताना मूळ गाव आणि मूळ आडनाव विचारलं जातं ते कशासाठी, हे सर्वांना ठाऊक असतं. याच कोल्हापूरच्या संस्थानाने 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी 50 टक्के जागा राखल्या. जातीचं नाव घेतल्याशिवाय तो उपाय झालाच नसता. मंडळीने मात्र नाव घेणंच टाळलं.

मग 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता राहिला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे दाखल्यावर एक आणि उपासनेत एक अशी दोन नावं सांभाळणारी कुटुंबं तयार झाली. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण भेद कायम असताना तो संपला असं कागदावर लिहून घेणाऱ्या आदेशानेच त्यांना या पेचात टाकलं. 2022 मध्ये केंद्राने या प्रश्नासाठी आयोग नेमला. आयोगापुढे ख्रिस्ती बाजूचं म्हणणंच असं आहे की धर्मांतरानंतरही जातीचा जाच सुटत नाही. म्हणजे सरकारदरबारी आपण जे सांगतो, ते रविवारी व्यासपीठावरून नाकारतो.

‘माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे’ हे पौलाचं वचनही प्रभुभोजनाच्या वेळी वाचलं जातं. ते ज्या करिंथच्या मंडळीला लिहिलं, तिथे काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने परीक्षा सांगितली ती त्या पंक्तीतल्या भेदावरून.