'थ्रिलर'च्या आधी 'बिली जीन'

पॉप संगीतातला सर्वांत अजरामर व्हिडिओ कोणता, हा वाद निघाला की 'थ्रिलर'चं नाव आधी येतं आणि बाकीचे दुसऱ्या क्रमांकासाठी भांडत बसतात. माझं मत मात्र मायकल जॅक्सनच्याच 'बिली जीन'ला आहे. दोन्ही १९८३ चे, पण आधी कोणता आला याला इथे फार महत्त्व आहे.

गाण्याची फीत बनवायची रीत त्याहून जुनी. १९७५ मध्ये 'क्वीन' या ब्रिटिश बँडने 'बोहेमियन रॅप्सडी'ची फीत काही तासांत चित्रित करून घेतली, ती बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर दाखवता यावी म्हणून. अशा फितींना तेव्हा 'प्रोमो' म्हणत. ती जाहिरातच होती. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली आणि या जाहिरातींनाच चोवीस तासांची वाहिनी मिळाली. तयार व्हिडिओ तेव्हा ब्रिटिश बँडांकडे जास्त होते, त्यामुळे त्यांची चंगळ झाली. श्रीलंकेत चित्रित झालेलं 'डुरान डुरान'चं 'हंग्री लाइक द वुल्फ' त्यातलंच.

कृष्णवर्णीय गायक मात्र या पडद्यावर अगदी तुरळक दिसत. आम्ही रॉक दाखवतो, असं वाहिनी सांगे. आपलं 'सुपर फ्रीक' नाकारलं गेल्यावर कृष्णवर्णीय गायक रिक जेम्सने जाहीर टीका केली. १९८३ च्या सुरुवातीला ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीने तर एमटीव्हीवरच्या स्वतःच्याच मुलाखतीत निवेदक मार्क गुडमनला उलट विचारलं, इथे कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का? लहान गावांतल्या प्रेक्षकांना काय झेपेल तेही बघावं लागतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. ती मुलाखत आजही बघवत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांतच 'बिली जीन' एमटीव्हीवर लागलं. जॅक्सनच्या कंपनीचा, म्हणजे सीबीएस रेकॉर्ड्सचा प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ याने आपल्या सगळ्या कलाकारांचे व्हिडिओ काढून घेण्याची धमकी दिली होती, असं सांगतात. अशी धमकी मिळाल्याचं वाहिनीच्या लोकांनी नाकारलं. व्हिडिओ साधाच आहे. ओसाड गल्ली, मागे लागलेला एक छायाचित्रकार आणि जॅक्सनचा पाय पडेल ती फरशी उजळते. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनने इतक्यावर अख्खं गाणं तोललं आहे.

'थ्रिलर' आलं डिसेंबरमध्ये. त्याच नावाच्या अल्बमला तेव्हा वर्ष झालं होतं आणि चौदा मिनिटांच्या व्हिडिओवर इतका पैसा ओतायला कंपनी राजी नव्हती. म्हणून दिग्दर्शक जॉन लँडिस आणि मंडळींनी चित्रीकरणावरच माहितीपट करून तो शोटाइम ही केबल वाहिनी आणि एमटीव्ही यांना विकला आणि खर्च उभा केला. रिक बेकरची रंगभूषा आणि भुतांचा तो नाच यांच्यावर मीही फिदा आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेलेला तो पहिला संगीत व्हिडिओ. पण ज्या वाहिनीने आता त्यासाठी पैसे मोजले, तिचं दार 'बिली जीन'ने उघडलेलं होतं.

बॅरननेच पुढे १९८५ मध्ये 'आ-हा' या बँडचं 'टेक ऑन मी' केलं. कॉमिकच्या पानातून पेन्सिलीने काढलेला हात बाहेर येतो आणि हॉटेलात बसलेल्या मुलीला आत बोलावतो. चित्रीकरणातल्या चौकटी एकेक करून हाताने रेखाटल्या होत्या. याच गाण्याचा आधीचा साधा व्हिडिओ फारसा चालला नव्हता. चित्रांमुळे गाणं कसं तरतं, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे हे सगळं १९९१ नंतर स्टार टीव्हीच्या केबलवरून एकदमच आलं, जुनं-नवं एकाच दुपारी. त्यामुळे आपल्या याद्यांत जॅक्सनशेजारी अलिशा चिनॉयचं १९९५ चं 'मेड इन इंडिया' सहज बसतं. पेटीतून बाहेर येणारा मिलिंद सोमण त्या पिढीला अजून आठवतो.

डिसेंबर २०१२ मध्ये 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याने यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिलं जाण्याचा टप्पा पहिल्यांदा गाठला, तेव्हापासून वादात आकडेही फेकले जातात. १९८३ च्या व्हिडिओला तो गज लावता येत नाही. तेव्हा काय दिसायचं ते वाहिनी ठरवत होती, आणि 'बिली जीन'ने तिला तो निर्णय बदलायला लावला.