चादरीवरचा मोर आणि अळवावरचं पाणी

सोलापुरी चादरीवरचा मोर निळा दिसतो, कारण सूत आधी निळं रंगवून मगच मागावर चढवलेलं असतं. खऱ्या मोराच्या पिसात मात्र निळं रंगद्रव्य नसतंच. पीस खलबत्त्यात कुटलं तर हाती लागतो तपकिरी भुगा.

याचा पहिला धागा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्या हाती लागला. १६६५ साली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या मोरपिसाविषयी लिहिलं: पाण्यानं भिजवलं की रंग जातात. रंगवलेलं सूत भिजलं तर उलट गडद होतं. १७०४ मध्ये न्यूटन यांनी मोरपिसाच्या रंगांचा संबंध पातळ पापुद्र्यांशी जोडला, साबणाच्या फुग्यावरच्या रंगांसारखा. आपल्या माळावर तारेवर बसलेला नीलकंठ पंख उघडतो तेव्हाच त्याची निळाई झळकते. त्याच्या पिसांवर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये लिहिलं. मोरपिसातली बारीक वीण नीट उलगडली ती २००३ मध्ये. मेलॅनिनच्या, म्हणजे आपले केस काळे करणाऱ्या रंगद्रव्याच्या, कांड्या तिथे जाळीसारख्या रचलेल्या असतात. निळ्या भागात त्यांच्यातलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर), हिरव्यात १५०. दहा नॅनोमीटर सरकले की निळ्याचा हिरवा! मला यात विणकराचा हिशोब दिसतो.

कांड्यांच्या मधल्या फटींत हवा असते. तिच्या जागी पाणी शिरलं की रंगाचं गणित बिघडतं. म्हणून असा रंग टिकायचा तर पाणी दूर ठेवावं लागतं. मॉर्फो फुलपाखराच्या निळ्या पंखावर असा रंग आणि पाणी झटकणं, हे दोन्ही गुण एकत्र आहेत.

पाणी दूर कसं राहतं, ते मोरीमागच्या अळूवर बघा. क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. त्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल राहतो, पान हललं की घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. पानावर बारीक उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे कण. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवाच. हे गणित १९४४ मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर यांनी मांडलं. त्यातले कॅसी लोकरीच्या संशोधनात होते, म्हणजे हा प्रश्न कापडवाल्यांच्या घरचाच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाची स्वच्छता याच खडबडीतपणामुळे असते हे दाखवलं, आणि त्यावरून भिंतींचा रंगही बाजारात आला.

आपला टॉवेल याच्या उलट, पाणी पिण्यासाठी विणलेला. तरी कच्च्या कापसाच्या तंतूवर मेण असतंच. ते उकळून काढल्याशिवाय सूत पाणी धरत नाही.

जपानमध्ये नायलॉन आणि पॉलिएस्टरचे ६१ थर रचून ‘मॉर्फोटेक्स’ नावाचा रंगद्रव्याविना निळा धागा निघाला होता. पुढे त्याचं उत्पादन थांबलं. पाणी झटकणाऱ्या कापडापुढची अडचण घासण्याची आहे. धुण्याच्या दगडावर ते बारीक उंचवटे झिजतात. झिजलेलं मेण जिवंत पान पुन्हा तयार करतं, कापडाला ते अजून जमलेलं नाही.