गोल, चौकोन, त्रिकोण: हे आलं कुठनं?

कोल्हापुरात डिझाईनचं काम घेतलं की क्लायंटचं पहिलं वाक्य ठरलेलं, फोटो मोठा टाका. त्यांचंही काय चुकत नाही म्हणा, इथली परंपराच हुबेहूब माणूस रंगवणाऱ्यांची, आनंदराव-बाबूराव पेंटर या जोडीनं नाटकांचे पडदे रंगवले, पुढं १९२० च्या दशकात बाबूरावांनी आपल्याच सिनेमांची पोस्टर्स स्वतः रंगवली. मग नुसता गोल आणि एक तिरकी रेघ दाखवली की 'एवढंच?' असं होणारच.

त्याच सुमाराला युरोपात मात्र उलटा कारभार चालू होता. १९१५ ला मालेविच या चित्रकारानं रशियात प्रदर्शनात थेट काळा चौकोन टांगला, मग रशियातल्या यादवी युद्धात लिसित्स्की या डिझायनरनं पोस्टर केलं, पांढऱ्या गोलात घुसलेला लाल त्रिकोण, लाल म्हणजे बोल्शेविक, लेनिनचे क्रांतिकारक, आणि पांढरे त्यांचे विरोधक, चित्रात माणूस एकही नाही तरी कोण कुणावर चाल करून गेलंय ते बघताक्षणी कळतं.

१९१९ ला जर्मनीत बाउहाउस ही कला-डिझाईनची शाळा सुरू झाली. तिथं शिकवणाऱ्या कँडिन्स्की या चित्रकारानं १९२३ मध्ये एक फॉर्म वाटला, त्रिकोण, चौकोन, गोल यांना पिवळा, लाल, निळा यातला कुठला रंग शोभतो ते भरा, आणि त्याचं स्वतःचं उत्तर आधीच पक्कं होतं, त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, गोल निळा. मला हे काय पटत नाही. आकार अर्थ घेऊन जन्माला येत नाही, बघून बघून लोकांच्या डोक्यात बसतो.

आपल्याकडंच बघा की, १९६० च्या दशकात सरकारी अधिकारी दीप त्यागींच्या कल्पनेतनं कुटुंब नियोजनाचा उलटा त्रिकोण आला तो लाल, पिवळा नाही, पण गावोगावच्या भिंतींवर इतका दिसला की वाचता न येणाऱ्यालाही कळायला लागला. आता १९७१ चा स्टेट बँकेचा निळा गोल कँडिन्स्कीच्या उत्तरात बसतो, पण तो योगायोगच समजायचा.

कधी कधी रंग कमी पडतो आणि आकारच कामाला येतो. पाकिटावर शाकाहारीला हिरवा गोल, मांसाहारीला तपकिरी गोल अशी खूण होती, रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखेच, म्हणून २०२० च्या नियमात मांसाहारीसाठी तपकिरी त्रिकोण केला. मटण मसाल्याच्या पाकिटावर हिरवा गोल बघून मात्र दचकू नका, आत नुसता मसालाच असतोय, मटण आपलं आपण आणायचं.